चिमी मुंगी, पांढरी वेल आणि आंबट ताक

बांधाच्या भेगेत राहायची एक मुंगी. नाव तिचं चिमी. एवढीशी! तिळाएवढी!

शेजारीच होतं गेनूकाकांचं वाटाण्याचं शेत. त्या शेतात एक रीत होती. तोडणी झाली की पहिली शेंग बांधावर फोडायची. ती मुंग्यांची. उद्या तोडणी होती. चिमीला मिळणार होता एक दाणा. हिरवा, गोड, गोल गोल दाणा!

चिमी निघाली वेल बघायला. तुरु तुरु तुरु. बघते तर काय!

"अगं बाई! पान पांढरं!"

दुसरं पान बघितलं. तेही पांढरं! जणू कुणी पीठ सांडलंय.

वेल म्हणाली, "पीठ नाही गं चिमे. ही भुरी, आमचा रोग. आज पानांवर आलीय, आता शेंगांवर येईल. मला आंबट ताक हवं. बिनमिठाचं!"

चिमी पळाली गेनूकाकांकडं. तुरु तुरु तुरु. बघते तर काय! काकांच्या पाठीवर नवा कोरा पंप. आणि हातात? औषधाची बाटली! लाल झाकणाची, उग्र वासाची!

"अगं बाई! काका, थांबा! उद्या पोरं शेंगा खाणार, आणि आज तुम्ही हे मारणार?"

काका जागच्या जागी थबकले. "अरे देवा! तोडणी उद्याच की! आत्ता हे मारलं असतं तर शेंगांवरच बसलं असतं!"

काकांनी बाटली उंच फळीवर ठेवली. पार वर. लेकरांचा हात पोचणार नाही तिथं.

चिमी म्हणाली,
"भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
काका काका, पंप मारा ना!"

काका म्हणाले, "मारू काय, वारा? आंबट ताक आण, मग मी पंप मारीन. ताक नाही तर पंप नाही!"

चिमी गेली मथुराकाकूंकडं. तुरु तुरु तुरु.
"काका पंप मारेना,
भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
काकू काकू, ताक द्या ना!"

काकूंनी गाडग्यात डोकावलं. "ताक आहे, आंबट ढाण आहे. पण गाठी बघ किती! पंपाचं तोंड चोंदेल. फडकं आण, मग मी ताक गाळीन. फडकं नाही तर ताक नाही!"

चिमी गेली फडक्याकडं. तुरु तुरु तुरु.
"काकू ताक गाळेना,
काका पंप मारेना,
भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
फडक्या फडक्या, चल ना!"

फडकं ओरडलं, "येऊ कसं? बघ तरी!"

चिमीनं बघितलं. अगं बाई! फडक्याचं एक टोक दोरीवर, आणि दुसरं टोक शेळीच्या तोंडात! चवड चवड, चवड चवड.

फडकं म्हणालं, "शेळी सोडेल, मग मी येईन. शेळी सोडत नाही तर मी येत नाही!"

चिमी गेली शेळीकडं. तुरु तुरु तुरु.
"फडकं काही येईना,
काकू ताक गाळेना,
काका पंप मारेना,
भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
शेळी शेळी, सोड ना! फडकं काय खायची वस्तू आहे?"

"बें! बरं लागतंय की. जरासं साबणासारखं. मला भूक लागलीय गं! पाला आण, मग मी फडकं सोडीन. पाला नाही तर फडकं नाही!"

चिमी गेली शेवग्याकडं. तुरु तुरु तुरु.
"शेळी फडकं सोडेना,
फडकं काही येईना,
काकू ताक गाळेना,
काका पंप मारेना,
भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
शेवग्या शेवग्या, पाला दे ना!"

शेवगा म्हणाला, "घे की! पण मला का हात आहेत? खार फांदी हलवेल, मग मी पाला देईन. खार नाही तर पाला नाही!"

चिमी चढली झाडावर. वर, वर, आणखी वर.
"शेवगा पाला देईना,
शेळी फडकं सोडेना,
फडकं काही येईना,
काकू ताक गाळेना,
काका पंप मारेना,
भुरी काही हटेना,
उद्या शेंगा तोडायच्या,
बाई गं, काय करू?
खारूताई खारूताई, फांदी हलव ना!"

"चिर्र! चिर्र!" खार रडत होती. "हलवू कशी? शेपटीत कुसळ टोचलंय! कुसळ निघेल, मग मी फांदी हलवीन."

आता कुणाकडं जायचं? चिमीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. कुणीच नाही!

मग चिमी स्वतःच शिरली शेपटीत. अगं बाई, केवढे केस! जंगलच जणू! तिनं कुसळ दातात धरलं. ओढलं. ओढलं. आणखी ओढलं. टुक्! निघालं!

खार नाचली, फांदी हलली.
फांदी हलली, पाला पडला. सर सर सर!
पाला पडला, शेळीनं फडकं सोडलं.
फडकं आलं धावत. त्यावर शेळीच्या दातांच्या खुणा! काकूंनी धुतलं, दुहेरी केलं आणि ताक गाळलं. ठिब ठिब ठिब.

आणि काकूंचा हात गेला... कुठं? मिठाच्या डब्यात! रोजची सवय ना! ताक केलं की मीठ टाकायचं! चिमूट आली गाडग्यावर...

"अगं बाई! काकू! मीठ नको! पानं जळतील!"

काकू आपल्याच नादात, त्यांना ऐकूच येईना. चिमी चढली पायावर, आणि अंगठ्याला चावली. कुट्ट!

"आई गं!" काकू उडाल्या. मीठ पडलं जमिनीवर. काकूंनी मिठाकडं बघितलं. ताकाकडं बघितलं. "बया! मी काय करत होते हे!"

काकांनी ताक घेतलं. बादलीभर पाण्यात ढवळलं. ऊन उतरल्यावर पंप मारला. फुस्स फुस्स! पानावर फुस्स, पानाखाली फुस्स!

सकाळ झाली. चिमी धावली. तुरु तुरु तुरु. बघते तर काय!

भुरी पुढं सरकलीच नव्हती! शेंगा हिरव्यागार!

पोरं धावली शेंगा खायला. काकू ओरडल्या, "आधी धुवा रे! ताकाचं पाणी आहे त्यावर!"

आणि काकांनी पहिली शेंग बांधावर फोडली. टच्च! एक दाणा आला गडगडत. गड गड गड, थेट चिमीच्या पुढ्यात!

"अगं बाई! हा तर माझ्यापेक्षा मोठा!"

चिमीनं घेतला एक चावा. कसा लागला? ताकासारखा आंबट? छे! शेळीच्या फडक्यासारखा? छे छे!

गोड! गोड! गोड!

आता तुमचा घास! आ करा बघू. आणि नीट चावून खा हं.