मेलेल्या कोकराचं कातडं

मेंढपाळ संघ उभा केला म्हाळूने. तो वारल्यावर खुर्ची दाजीसाहेबांनी धरली आणि आठवण म्हणून त्याची घोंगडीही मागून नेली. दरवर्षी सभेला ते ती अत्तर लावून खांद्यावर घेत. यंदा त्यांनी संघाचं चराईचं रान कारखान्याला द्यायचा ठराव मांडला.

"ही घोंगडी बघा," ते म्हणाले. "मी म्हाळूचाच माणूस. मग शंका कसली?"

माना डोलू लागल्या. तेवढ्यात मागे एकटीच बसलेली म्हाळूची बायको ठकूबाई उठली.

"दाजीसाहेब, मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं आम्ही दुसऱ्या पोरक्या कोकरावर बांधतो. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. पण दोन-तीन दिवसांत कातडं सोडावं लागतं, न्हाईतर कुजतं. तुम्ही तर वर्षानुवर्षं पांघरलंय. आता सोडा, वास यायला लागलाय."

सभा खो खो हसली आणि ठराव पडला. दाजीसाहेबांनी घोंगडी उतरवून तिच्या हातात दिली.

माळावर मेंढरांपाशी परतल्यावर ठकूबाईने ती नाकाशी धरली. त्या मेंढीसारखं आपणही भुलावं, असं तिला फार वाटलं. पण घोंगडीला नुसता अत्तराचा वास येत होता.