दसऱ्याचा रंग आणि राजाची मोटार

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे इतक्या पूर्वी की तेव्हा मोटार कुठून आली असं मला विचारू नका, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं आणि त्या राज्यात एकच मोटार होती. लालचुटूक, चकचकीत, राजाची मोटार! मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही जरा सरसावून बसा, कारण ती आज घाट चढणार आहे. चढली तर.

राजा ती मिरवायला वापरत नसे. घाटाच्या वर पठारावर धनगरांची वस्ती होती. तिथे कोणी आजारी पडलं, कोणी अडलं, की मोटार निघायची. राजा भला माणूस होता. फक्त मोटारीच्या आधी तो स्वतः तापायचा.

त्या वर्षी दसरा झाला आणि मोटारीने खोड्या करायला सुरुवात केली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर आली की पाणी उकळे, वाफा निघत आणि ती जागच्या जागी बसे. इंजिन गार ठेवणारा पुढचा विजेचा पंखा फिरतच नव्हता. ते पंखे राज्यात एकच बाई बनवायची, भिमाक्का. तांब्याची तार बोटांनी गुंडाळून गुंडाळून तिच्या बोटांना घट्टे पडले होते.

राजाने पंखा बदलला. पुन्हा वाफ. पुन्हा बदलला. पुन्हा वाफ! तिसऱ्यांदा त्याने भर दरबारात फर्मावलं, "भिमाक्काचं काम कच्चं आहे. आजपासून तिच्याकडून कोणी काही घ्यायचं नाही. तिला राजवाड्याच्या दारातही उभं करायचं नाही."

भिमाक्काने एकच विचारलं, "महाराज, माझा पंखा कोणी तपासला का?"

कोणी तपासला नव्हता. ती घरी गेली.

आणि मग एका दुपारी पठारावरचा बिरू धावत खाली आला. धोतर काट्यांनी फाटलेलं, पाय रक्ताळलेले. "महाराज, बायको पहाटेपासून अडलीय. बाळ आडवं आलंय. गोदामावशीला वर न्या, नाहीतर दोघंबी जात्याल माझी!"

गोदामावशी म्हणजे राज्यातली सगळ्यात जाणती सुईण. हात सोन्याचे, पण गुडघे पार गेलेले. घाट पायी चढणं तिला शक्य नव्हतं, आणि डोलीतून न्यायचं तर संध्याकाळ झाली असती. मोटार तासाभरात पोचवणार होती.

"आणा भिमाक्काला!" राजा ओरडला. "चौथा पंखा घेऊन यायला सांगा!"

शिपाई पळाले. भिमाक्का आली, पण तिच्या हातात पंखा नव्हताच. एक छोटा दिवा होता, त्याला दोन तारा.

"पंखा कुठाय?"

"पंखा लावलाय की तुमच्या मोटारीला. मी दिवा आणलाय."

"भर दुपारी दिवा?"

"उजेडाला नाही महाराज. विचारायला आणलाय." आणि ती मोटारीची देखभाल करणाऱ्या मोठ्या मिस्त्रींकडे वळली. "दादा, इंजिन चालू करा. चांगलं तापू द्या. गार इंजिनाचा पंखा गप्पच बसतो, त्याला काय विचारणार?"

इंजिन धडधडू लागलं. उष्णता दाखवणारा काटा वर वर सरकला. पंखा ढिम्म. गोदामावशी आत जाऊन बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. बिरू एकदा मोटारीकडे बघे, एकदा डोंगराकडे.

भिमाक्काने पंख्याच्या तारा सोडवल्या आणि थेट बॅटरीला टेकवल्या. भर्रर्र! काय फिरला तो पंखा! जवळच्या शिपायाचा फेटाच उडाला.

"पंखा चांगला आहे," भिमाक्का म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला, पण डोळे भरून आले होते. तीन महिने तिला कोणी नीट हाकही मारली नव्हती.

"मग असाच जोडून निघा ना!" बिरू म्हणाला.

"नको रे बाबा. घाटात हिसके बसतात. तार सुटून लोखंडाला लागली तर आग लागेल, आणि आत मावशी बसलीय. थोडा दम धर."

राजाला मात्र दम नव्हता. "म्हणजे फ्यूज विकणाऱ्याने फसवलं! धरून आणा त्याला!"

भिमाक्काने पंखा पुन्हा जागेवर जोडला. दिव्याच्या एका तारेचं टोक बॅटरीत वीज परत येते त्या बाजूला लावलं, दुसरं पंख्याकडे येणाऱ्या तारेला. दिवा लख्ख पेटला.

"पंख्यापर्यंत वीज येतेय. फ्यूज चांगला, स्विच चांगला, तारही चांगली. त्या बिचाऱ्याला सोडा."

"मग हे मोठे मिस्त्री! यांनीच काहीतरी घोळ घातला असणार!"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. भिमाक्का तिकडे वळलीसुद्धा नाही. "महाराज, वीज नुसती येऊन भागत नाही. तिला परत जायलाही वाट लागते. ती परतीची तार पंख्याकडून निघते आणि मोटारीच्या लोखंडाला बोल्टाने बसवलेली असते." तिने दिव्याचं एक टोक आता बॅटरीतून वीज निघते त्या बाजूला लावलं, दुसरं या परतीच्या तारेला.

दिवा पेटलाच नाही.

"सापडलं!" ती ओरडलीच. बोटं तारेवरून धावली, थेट मोटारीच्या नाकापाशी, एका बोल्टाशी. बोल्ट सैल करून तिने खाली पाहिलं. तारेच्या कडीखाली लोखंड दिसतच नव्हतं. तिथे रंग होता. लालचुटूक, चकचकीत, दोन जाड हात दिलेला.

"रंगातून वीज जात नाही. हे दसऱ्याला रंगवलं का? कोणी?"

मिस्त्री पायाकडे बघू लागले. शिपाई आभाळाकडे बघू लागले. त्या राज्याची रीतच होती: दसऱ्याच्या पूजेआधी मोटारीला नवा रंग द्यायचा, आणि पहिला हात राजाने, मोटारीच्या नाकावर. गंजाचा ठिपकाही राहू नये म्हणून यंदा राजाने स्वतः तो बोल्ट काढला होता, आणि मोठ्या भक्तीने खालीही ब्रश फिरवला होता.

राजाचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "मी." आणि लगेच त्याने बाह्या सरसावल्या. "पाना द्या मला! अक्का, तू खरवड, मी धरतो!"

खर्र खर्र रंग निघाला. खालचं लोखंड चांदीसारखं चमकलं. राजाने स्वतः बोल्ट आवळला, आणि भर्रर्र! पंखा आपला आपण फिरू लागला. काय आरडाओरडा झाला म्हणता! मोटार धुरळा उडवत सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर खालच्या सगळ्यांनी डोळे ताणले. वाफ नाही! लाल ठिपका वळला, चढला आणि पठारावर दिसेनासा झाला.

सूर्य मावळण्याआधी वरून हॉर्न वाजला. लांबच लांब, थांबायचं नावच घेईना. बिरूला मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या.

राजाने भरल्या चौकात भिमाक्कापुढे हात जोडले. "चूक माझ्या हाताची होती आणि शिक्षा मी तुझ्या हातांना दिली," तो म्हणाला, आणि आपलं फर्मान त्याने सगळ्यांसमोर फाडलं. पुढच्या दसऱ्यापासून मोटार रंगवताना त्या बोल्टाखालची रुपयाएवढी जागा कोरी ठेवू लागले. राजा रंगवायला बसला की आधी तिथे बोट लावून बघायचा, आणि मगच ब्रश उचलायचा.

म्हणून सांगतो: दुसऱ्याला दोषी ठरवण्याआधी तपास करावा, आणि त्या तपासातून आपला हात वगळू नये.