बोटभर फट

अकोल्यात मे महिन्यात ज्याच्या गाडीचा एसी बंद पडतो, त्याचा रुबाबही घामानं निथळतो. कारखान्याचे चेअरमन रणधीरराव तसेच निथळत गुलाब मिस्त्रीच्या गॅरेजात आले होते. गुलाबनं दोन दिवस खपून गॅस काढला, डॅशबोर्ड उघडला, अडकलेला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलला आणि रिवाजाप्रमाणं जुना व्हॉल्व्ह त्यांच्या हातात ठेवला.

रणधीरराव गाडीत बसले, एसी लावला, काच बोटभर खाली केली आणि त्या फटीतून तो अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह बाहेर फेकला.

"भंगारातला दाखवतो काय रे? आत जुनाच आहे. चोर साले सगळे!"

बाकावरची गिऱ्हाइकं बघत राहिली. गुलाबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षांत त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. तो काचेपाशी गेला.

"साहेब, आत जुनाच असेल, तर गाडीत आणि बाहेर गरमी सारखीच. मग एवढ्याशा फटीतून काहून बोलता? काच पूर्ण खाली घ्या आणि सगळ्यांसमोर बोला ना!"

रणधीररावांचा हात बटणावर गेला. बाकावरच्या सगळ्यांनी माना उंचावल्या.

काच वर गेली.