काकूच्या कोंबड्या आणि रिकामी मूठ

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव म्हणायला लहानच, पण तिथल्या एका काकूचं नाव पंचक्रोशीत गाजत होतं. कशामुळे म्हणाल? तर कोंबड्यांमुळे! काकूकडे एकवीस कोंबड्या होत्या आणि एक ऐटबाज कोंबडा. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्या भर्रकन बाहेर पडत. दिवसभर उकिरडा उकरायचा, बांधावरचे किडे टिपायचे, ज्वारीच्या कडेकडेनं हिंडायचं. ना कुंपण, ना राखण.

दिवस कलायला लागला की काकू ओच्यात कण्या घेऊन अंगणात यायची, मूठ भरून हात वर करायची आणि हाक घालायची, "तीऽ तीऽ तीऽ!" मग काय विचारता! माना पुढे काढून, पंख पसरून, एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत सगळा लोंढा अंगणात! सगळ्यांच्या पुढे चितरी. अंगभर पांढरे ठिपके असलेली ही कोंबडी काकूचा जीव की प्राण. कण्या टिपून झाल्या की कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात शिरत आणि काकू दार लावून घेई.

एकदा बाजाराच्या दिवशी वाटेनं चाललेल्या चार-पाच बाया पाणी प्यायला काकूच्या दारात थांबल्या.

"काकू, एवढ्या कोंबड्या सांजच्याला गोळा कशा करता वो?" एकीनं विचारलं. "आमच्या दोनच हायेत, तर निम्मं गाव पालथं घालावं लागतंय."

काकूची कळी खुलली. "सांजेची वाट कशाला बघायची? आत्ता दावते की!"

दुपारची वेळ होती. कण्यांचं मडकं आत, चुलीपाशी. आता तेवढ्यासाठी आत कोण जातंय? काकूनं नुसतीच मूठ आवळली, हात वर केला आणि ठेवून दिली हाक. लांबवर पांगलेल्या कोंबड्या धूळ उडवत धावत आल्या! बाया तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. एकीनं तर टाळ्याच पिटल्या. कोंबड्यांनी काकूच्या पायाशी घुटमळून मातीत चोची मारल्या आणि काहीच मिळेना तशा त्या परत फिरल्या. पण त्यांच्याकडे बघतंय कोण?

पडवीत दोर वळत बसलेला काकूचा नवरा मात्र बघत होता. बाया गेल्यावर तो म्हणाला, "आगं, दाणं टाकलंच न्हाईस की."

"कोंबडीला काय कळतंय?" काकू हसत म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"माणसांपुढं आसंल. चोचीपुढं न्हाई."

पण काकू ऐकते कशाची! बायांनी बाजारभर बोभाटा केला आणि पुढच्या बाजाराला वीस माणसं दारात. त्याच्या पुढच्याला त्याहून जास्त. लेकुरवाळ्या आल्या, म्हातारे आले, कासाराची गाडीसुद्धा थांबली. काकूला चेव चढला. दिवसातून दोनदा, तीनदा हाक जायला लागली आणि मूठ दरवेळी रिकामी. संध्याकाळी ती कण्या टाकायची, नाही असं नाही. पण कुठली हाक खरी आणि कुठली तमाशाची, हे बिचाऱ्या कोंबड्यांनी ओळखावं तरी कसं?

हळूहळू काळी कोंबडी नुसती मान वर करून बघायला लागली. मग पिवळीही रेंगाळायला लागली. चितरी सगळ्यांच्या पुढे असायची, तीही मागे पडली. काकूनं त्यावर एक उपाय काढला. ती जास्त मोठ्यानं ओरडायला लागली!

आणि एके दिवशी शेजारीण धापा टाकत आली. "काकू, कोल्हा शिरलाय ज्वारीत! खालच्या आळीतल्या दोन कोंबड्या दिवसाढवळ्या उचलल्या मेल्यानं!"

काकू अख्खं मडकंच उचलून अंगणात धावली. सूर्य अजून डोंगरावर हातभर होता. कोंबड्या पार पलीकडे, ज्वारीला लागून चरत होत्या. आणि त्यांच्या मागची ज्वारीची ताटं हलली! वारा नव्हता, तरी हलली! ताटांमधून दोन टोकदार कान वर आले.

"तीऽ तीऽ तीऽ!"

कोंबड्यांनी माना वर केल्या. काकूकडे पाहिलं. आणि पुन्हा उकरायला लागल्या.

"या गं बायांनो! आज खरंच हायेत दाणं! ह्यी बघा मूठ!" काकूनं मडक्यातल्या कण्या मुठीमुठीनं उधळल्या. पण एवढ्या लांबून कोंबड्यांना काय दिसणार? त्यांनी असे उंचावलेले हात पुष्कळ पाहिले होते.

काकू पदर खोचून पळत सुटली. मागून नवरा काठी घेऊन धावला. "हाड्! हाड्!" करत शेजारीणही धावली. तोवर कोल्ह्यानं झेप घेतली होती! नुसती फडफड, कलकलाट, पिसंच पिसं! कोल्ह्याच्या तोंडात चितरीचा पंख होता. काकूनं होती नव्हती तेवढी ताकद लावून मडकं भिरकावलं. ते दगडावर आपटून फुटलं तसा कोल्हा दचकला. चितरी सुटली, पण जाता जाता त्यानं पिवळीला उचललं आणि ज्वारीत दिसेनासा झाला.

"चितरे, माझी बाय!" काकूनं दोन्ही हात पुढे केले. चितरीनं त्या हातांकडे पाहिलं आणि लंगडत लंगडत उलट्या दिशेनं पळाली. काकूला कोल्ह्यानं चावल्यासारखं झालं. ती तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली.

बाकीच्या कोंबड्या चिंचेवर चढल्या होत्या. अंधार पडेपर्यंत तिघांनी मिळून एकेक खाली काढली, चितरीलाही शोधून आणलं आणि सगळ्यांना खुराड्यात घातलं.

"आता गं?" नवऱ्यानं विचारलं.

"नवी कोंबडी आणली की आठ दिस कोंडून ठेवतो, घर वळखीचं व्हावं म्हणून," काकू डोळे पुसत म्हणाली. "ह्या आता नव्याच धरायच्या. घर न्हाई, मी वळखीची व्हायला पायजे."

आठ दिवस काकूनं हातात दाणे असल्याशिवाय तोंडातून हाक काढली नाही. चितरीच्या पंखाला हळद लावली. मधेच बाजाराचा दिवस आला, माणसं जमली. "काकू, दावा की गंमत!"

"न्हाई," काकू म्हणाली. "ती हाक माझी न्हाई, कोंबड्यांची हाय."

नवव्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं. कोंबड्या भर्रकन गेल्या. काकूला दिवसभर घास गोड लागला नाही. येतील? नाही येणार? दिवस कलला. तिनं मूठ भरली आणि हाक घातली, "तीऽ तीऽ तीऽ!"

बांधावर माना वर झाल्या. कुणी हललं नाही. मग एक ठिपक्यांची कोंबडी निघाली, लंगडत, थांबत. काकूपासून हातभर अंतरावर येऊन थबकली आणि मान वाकडी करून मुठीकडे बघत राहिली. काकू उकिडवी बसली. तिनं मूठ उघडली आणि तळवा जमिनीला टेकवला.

चितरीनं एक दाणा उचलला. मग दुसरा. आणि काय सांगू, बांधावरून सगळा लोंढा धूळ उडवत निघाला! काळीसुद्धा! काकू हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

एकेक कोंबडी खुराड्यात शिरली. काकू सवयीनं मोजत होती. विसावर मोजणी थांबली, तरी ती आणखी थोडा वेळ दार धरून उभी राहिली. मग तिनं हळूच कडी लावली.

तात्पर्य काय, तर भरल्या मुठीनं कमावलेला विश्वास रिकाम्या मुठीनं उधळू नये; गरजेच्या वेळी आपली खरी हाकही खोटी ठरते.