हरूच्या खांद्यावरचा हात

मंगळवारी सकाळी दिगंबर पावसे एका बारशाची पत्रिका जुळवत बसला होता. बाळाचा फोटो काळपट आला होता. तो त्याने कॉम्प्युटरवर उजळवला, मागच्या दोरीवरची धुणी पुसून टाकली, आणि बाळाच्या नावात गुलाबी रंग भरायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला.

रात्री वारा पालटला होता. 'सोनसागर' बंदराला लागली नव्हती.

होडीवर तिघे होते. होडी हाकणारा तांडेल हरिश्चंद्र, म्हणजे दिगंबरचा धाकटा भाऊ हरू, आणि दोन खलाशी, धाकू आणि मोरेश्वर.

"बरं," असं म्हणून दिगंबरने फोन ठेवला आणि राहिलेला गुलाबी रंग भरून पुरा केला. असं का केलं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

पाचव्या दिवशी धाकू सापडला. सहाव्या दिवशी मोरेश्वर.

दहाव्या दिवशी दुपारी दिगंबर मुकादम चाचांच्या पायऱ्या चढला. चार वर्षांनी.

"एक नाव लिहून द्याल का?" चपला काढता काढताच त्याने विचारलं.

चाचा ओसरीवर पाट टाकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. बंदरातल्या बहुतेक होड्यांची नावं त्यांच्या हातची. फ्लेक्स यायच्या आधी ते पत्र्यावर फोटो चिकटवत आणि भोवती ब्रशने अक्षरं काढत. दिगंबर त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकला. मग त्याने कॉम्प्युटर घेतला, होड्या-होड्यांवरून फिरून चाचांच्या अक्षरांचे फोटो काढले आणि त्यांचा फॉन्ट बनवला. चाचांना विचारलं नाही. फॉन्टला नाव दिलं, 'दिगंबर'.

"कोण, दिगंबरशेठ?" चाचांनी मान वर केली नाही. "माझी सगळी अक्षरं तर घेऊन गेलास. एखादं कमी पडलं काय?"

"हरूचं नाव आहे, चाचा."

चाचांनी हातातला ब्रश पाण्याच्या डब्यात सोडला.

"सापडला?"

"नाही."

"मग?"

"उद्या जेटीवर शोकसभा आहे. मच्छीमार सोसायटीने तिघांचा मिळून बोर्ड सांगितलाय. दोघांचं झालं. चेअरमन म्हणतात, दहा दिवसांनी समुद्रातून कोणी परत येत नाही."

"तो चेअरमन किती वेळा गेलाय समुद्रात?"

दिगंबर ओसरीच्या कडेला टेकला.

"हरूची बायको काय म्हणते?"

"सुलभा... परवा बायका आल्या होत्या तिच्याकडे. बांगड्या उतरव म्हणाल्या. ती म्हणाली, बोर्ड लागेपर्यंत माझ्या हाताला हात लावायचा नाही." त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "बोर्ड लागला की त्या येणार, चाचा. फोटो, खाली नाव, नावाआधी 'कै.'. ते वाचलं की येणार."

"अन् ते तू लिहायचं."

"सकाळपासून बसलोय. 'भावपूर्ण श्रद्धांजली' झालं. धाकूचं नाव झालं, मोरेश्वरचं झालं. हरूचं नाव टाईप करतो आणि पुसतो. बोटं थंड पडतात."

"अरे, आजवर शंभर लोकांना तू कैलासवासी केलंस. एका बटणावर."

ते हसून म्हणाले, पण दिगंबर हसला नाही.

"त्याचीच भीती आहे," तो म्हणाला.

चाचांनी आता त्याच्याकडे पाहिलं.

"तीन वर्षांपूर्वी वरच्या आळीतले तात्या खोत दवाखान्यात होते. मुलगा आला. म्हणाला, डॉक्टरांनी आशा सोडलीये, बोर्ड तयार करून ठेव, ऐनवेळी धावपळ नको. मी केला. चांगला केला. त्यांच्या फोटोतली ऑक्सिजनची नळीसुद्धा काढली. नावाआधी 'कै.' लावलं, फाइल सेव्ह केली... आणि पाच मिनिटांत फोन आला. गेले."

"तू लिहिलंस म्हणून गेले?"

"नाही. तसं नाही." त्याने तळहात मांडीवर घासले. "पण चाचा, तसं नसलंच पाहिजे असंही मला कोणी सांगू शकत नाही. हरू कुठेतरी फळीला धरून असेल तर? एखाद्या खडकावर असेल तर? आणि मी इथे..."

"म्हणून माझ्याकडे आलास."

"तुमचं अक्षर मोठं आहे. बोर्डाला शोभा येईल."

"खरं बोल."

समोरच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. बांगड्यांचा आवाज येत होता. दिगंबर तो ऐकत राहिला.

"तुमच्या हाताने लिहिलं गेलं," तो शेवटी म्हणाला, "तर माझ्या हाताने होणार नाही."

"म्हणजे मारायचं काम माझ्याकडे आणलंस."

दिगंबरची मान खाली गेली.

चाचांनी हात पुढे केला.

"फोटो आणलायस?"

त्याने पिशवीतून प्रिंट काढली. हरूचा छातीपर्यंतचा फोटो. चौकड्याचा शर्ट, तोंडभर हसू, मागे निळं आकाश. मूळ फोटोत आकाश नव्हतं, जाळ्यांचा ढीग होता. आकाश दिगंबरने टाकलं होतं.

चाचांनी भिंग घेतलं. चेहऱ्यावर ते थांबले नाहीत. भिंग डाव्या खांद्यावर नेलं आणि तिथेच ठेवलं.

"इथला चौकडा तुटलाय."

"कुठे?"

"इथे. उभी रेघ खाली येते आणि दुसऱ्याच रेघेला मिळते. दुसरीकडचं कापड आणून इथे बसवलंयस. इथे काय होतं?"

"काही नाही. हात होता. फोटोत दोघं असले की असतोच हात कोणाचा तरी खांद्यावर. बोर्डाला एकटा माणूस लागतो, म्हणून काढतो मी. नेहमीच काढतो."

"कोणाचा हात होता?"

दिगंबर प्रिंट उचलायला वाकला.

"दिगू, कोणाचा हात होता?"

"...माझा."

चाचांनी भिंग खाली ठेवलं.

"'सोनसागर'वर नाव घातलं तेव्हाचा फोटो आहे," दिगंबर भराभर बोलू लागला. "अक्षरं तुम्ही काढलीत, आतला रंग मी भरला. हरू म्हणाला, दादा, तुझ्या हाताचा रंग माझ्या शर्टाला लागतोय, हात काढ. मी मुद्दाम ठेवला. तो हसतोय, तो त्याचसाठी..."



"मूळ फोटो आहे?"

होता. खिशातल्या पाकिटात, दोन घड्या पडलेला. आजवर तो त्याने कोणाला दाखवला नव्हता; आता काढून चाचांच्या हातात दिला.

चाचांनी काळा कार्डपेपर पुढ्यात ओढला. कटर घेतला. त्यांचा हात थरथरत होता, पण पातं कागदाला टेकलं तसा थरथरायचा थांबला. शिकायला आला त्या पहिल्या वर्षी दिगंबरने हेच पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं, आपल्यालाही हे कधीतरी येईल.

पातं हरूच्या कानावरून उतरलं, मानेवरून खाली आलं, खांद्यापाशी पोचलं... आणि वळलं. निळा रंग लागलेल्या बोटांच्या कडेकडेने, एकेका बोटाला वळसा घालून ते मनगटापर्यंत गेलं.

"चाचा, हात राहतोय."

चाचांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. त्यांनी फोटो उचलला. मागे जाळी नव्हती, आकाशही नव्हतं. कार्डपेपरवर खळ लावून त्यांनी हरूला चिकटवला आणि वर फडकं फिरवलं. हरू हसत होता. त्याच्या खांद्यावर मनगटापाशी तुटलेला एक हात होता.

"असा बोर्ड कसा लावायचा? लोक विचारतील, हा हात कोणाचा."

"विचारू देत."

चाचांनी पांढरा पोस्टर कलर कालवला. ब्रश भिजवून ओठांनी त्याला टोक काढलं. कागदाच्या डाव्या बाजूला त्यांनी बोटभर जागा सोडली आणि लिहायला सुरुवात केली.

दिगंबरने डोळे मिटून घेतले. ब्रश कागदावर सरकत होता तेवढाच आवाज. त्याला वाटलं, आता फोन वाजेल. खिशातल्या फोनवर त्याने हात दाबून धरला होता.

फोन वाजला नाही.

डोळे उघडले तेव्हा नाव ओलं चमकत होतं. हरिश्चंद्र पावसे. 'सोनसागर'वर होती तीच अक्षरं, पण ती नव्हेतही. फॉन्टमध्ये प्रत्येक 'र' सारखाच ताठ येई. इथला 'र' थोडा वाकून उभा होता, मागच्याची वाट पाहत असल्यासारखा.

डावीकडची जागा तशीच होती. काळी.

"वाळू दे," चाचा म्हणाले. "मग ने. तुझ्या त्या यंत्रावर धर, त्या दोघांच्या शेजारी बसव. पण मध्ये हात घालू नकोस. काही उजळवू नकोस, काही पुसू नकोस."

"बरं."

त्याने कार्डपेपर दोन्ही हातांनी उचलला. पायरीशी जाऊन तो थांबला.

"चाचा, नावाआधीची जागा..."

चाचा ब्रश धूत होते. डब्यातलं पाणी पांढरं झालं होतं.

"चेअरमन विचारतील," दिगंबर म्हणाला. "बायका विचारतील. मी काय सांगू?"

चाचांनी ब्रश झटकला आणि उलटा करून डब्यात उभा ठेवला.

"सांग, चाचांचं लिहून झालेलं नाही."