कोतवालाचा शेला

कोतवाल रायाजीरावांच्या शिपायांनी चोर समजून हरबा शिंप्याला धरलं आणि कोतवालाच्याच हुकमाने त्याचा हात मोडला. खरा चोर दुसऱ्याच दिवशी सापडला. महाराजांनी हरबाला भरपाई दिली खरी, पण ती वसूल करायला पेठेवर घरटी पट्टी बसवली. हरबाचं घरही त्यातून सुटलं नाही! कोतवालाच्या मिशीचा पीळ मात्र जरासुद्धा सैल झाला नाही.

दसऱ्याच्या दरबारात महाराजांनी रिवाजाप्रमाणे कोतवालाच्या खांद्यावर मानाचा भरजरी शेला घातला. तोच हरबाची बायको सगुणा कात्री घेऊन पुढे आली आणि तिने शेल्याचं टोक धरलं.

"अगं ए, काय करतेस?" कोतवाल ओरडला.

"वाटे करते. पेठेत घरटी एकेक तुकडा."

"पेठेचा काय संबंध? कोतवाल मी, मान माझा एकट्याचा!"

सगुणा महाराजांकडे वळली. "ऐकलंत, महाराज? मान घ्यायला हे एकटे, आणि यांचा दंड भरायला सारी पेठ?"

महाराजांनी खाली पाहिलं. पट्टी रद्द झाली, भरपाई कोतवालाच्या पगारातून कापायचा हुकूम सुटला.

तो हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच सगुणाने शेला सोडला.