रजेवर पाठवलेलं नाक

एका पेठेत चांदी शुद्ध करणारे एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. जुनी चांदी ते तेजाबात, म्हणजे जहाल अ‍ॅसिडात, विरघळवत. त्यातून जी बोचरी वाफ उठे, ती धुराड्यातून वर निघून जाई. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. पहिले सहा महिने बिचारा खोकून खोकून बेजार झाला, पण काम काही सोडलं नाही त्याने.

एके सकाळी तो मोठ्या समाधानाने म्हणाला, “अण्णा, आता मला वाफ लागत नाही. वाससुद्धा येत नाही. मी तयार झालो. तेजाबाचं काम आता माझ्याकडे द्या.”

अण्णांनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाले, “पिशवी भर आणि बहिणीच्या गावी जा. पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस.”

शिष्याचा चेहरा उतरला. तिथे बसलेला एक व्यापारी हसून म्हणाला, “बढती मागायला गेला आणि घरी बसला. अहो अण्णा, ऐन लग्नसराईत माणूस घालवता? माझ्या चांदीचं काय?”

“थांबेल की. ती काही नासत नाही.”

बहिणीच्या शेतात शिष्याने भुईमूग उपटला खरा, पण जिवाला एकच घोर. आपलं चुकलं काय, आणि अण्णा परत घेतील का?

सोळाव्या दिवशी तो दारात आला आणि तिथेच थबकला. घसा खवखवला, डोळ्यांना धार लागली.

“अण्णा, केवढी वाफ कोंडलीय. तुम्हाला लागत नाही?”

“नाही रे. पंधरा दिवस मीही काम बंद ठेवलं होतं. आज तू येणार म्हणून वाटीभर तेजाबात थोडी चांदी टाकली. पण चाळीस वर्षं दमलेलं नाक, ते काही परत येत नाही. आता तू पुढे हो. जास्त लागेल तिथे थांब.”

ज्यांच्या शब्दावर पेठ चांदी घेई, ते अण्णा मुकाट्याने शिष्याच्या मागून चालू लागले. शिष्य धुराड्यापाशी थांबला. वाकून आतून वर पाहिलं, तर काजळी आणि पारव्याच्या घरट्याने ते पार बुजलेलं. वाफ माघारी खोलीतच उतरत होती.

अण्णा म्हणाले, “वास यायचा थांबला म्हणून वाफ थांबत नाही, बाळा. ती छातीत जातच राहते. तू खोकायचास तेव्हा मला कळायचं, आज दारं उघडायला हवीत. तुझा खोकला थांबला, तेव्हा मी घाबरलो. दोघांचीही नाकं निजली, तर सांगणार कोण?”

शिष्याने शिडी लावली. वर चढता चढता त्याने विचारलं, “आणि मला पुन्हा लागेनासं झालं, तर?”

“तर लपवू नकोस. त्या दिवशी तेजाबाला झाकण घाल.”

घरात फरशीवर अ‍ॅसिड ओतताना किंवा पाठीवर पंप घेऊन औषध फवारताना ‘मला तर काही होत नाही’ असं मनात आलं, की आपणही हातातलं काम जरा थांबवावं.